धर्मगुरू रुय लोपेझ आणि बुद्धिबळातील ‘स्पॅनिश’ प्रारंभ

बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांचे वृत्तांत वाचताना रुय लोपेझ हे नाव वारंवार आढळते. डावाच्या सुरुवातीच्या काही ठरावीक चालींना हे नाव आहे, एवढे खेळणाऱ्यांस ठाऊक असते. परंतु हे नाव सोळाव्या शतकातील एका कॅथोलिक धर्मगुरूचे आहे, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांत पट मांडून बसणाऱ्या अनेक तरुणांनाही माहीत नसते. ज्या स्थितीमुळे त्यांचे नाव अजरामर झाले, तिच्याविषयी त्यांनी दिलेला निकाल पुढे टिकला नाही, हे तर त्याहूनही थोड्यांना माहीत असते. तरीही ती स्थिती आजच्या बुद्धिबळशास्त्रात अत्यंत महत्त्वाची मानली जाते. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी या धर्मगुरूंचे जीवन आणि त्यांचे पुस्तक या दोहोंची ओळख करून घेतली पाहिजे.

रुय लोपेझ डी सेगुरा यांचा जन्म स्पेनच्या एक्स्ट्रेमादुरा प्रांतातील झाफ्रा या गावी सुमारे १५३० साली झाला. हा प्रांत पोर्तुगालच्या सीमेस लागून आहे. लोपेझ या स्पॅनिश आडनावाचे पोर्तुगीज रूप म्हणजे आपल्या वसईत आजही घरोघरी ऐकू येणारे लोपीस हे आडनाव होय. लोपेझ चार-पाच वर्षांचे असताना, १५३४ साली, गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. पुढे १५८० साली पोर्तुगालचे राजपदही स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे गेले आणि १६४० पर्यंत वसई व गोवा स्पॅनिश राजांच्या छत्राखाली राहिले. ज्या राजाच्या दरबारात लोपेझ पट मांडून बसले, तोच हा फिलिप.

लोपेझ धर्मगुरू झाले. काही पुस्तकांत त्यांना बिशप म्हटलेले आढळते, तर काहींत राजाचे पापनिवेदक धर्मगुरू. या दोन्ही गोष्टींना विश्वसनीय आधार नाही. फिलिपचे जे पापनिवेदक इतिहासाला ठाऊक आहेत, ते फ्रान्सिस्कन व डोमिनिकन संघांतील होते. बुद्धिबळाच्या लेखकांना राजदरबाराची भूल पडते आणि साध्या धर्मगुरूच्या अंगावर ते मोठी वस्त्रे चढवितात, एवढाच याचा अर्थ.

आता एखाद्या वाचकाच्या मनात प्रश्न येईल की, धर्मगुरूने अशा खेळात वेळ घालवावा काय? हा प्रश्न ख्रिस्तसभेत फार जुना आहे. अकराव्या शतकात कार्डिनल संत पीटर दामियन यांनी फ्लॉरेन्सच्या बिशपांना बुद्धिबळ खेळताना पाहिले आणि ते कमालीचे संतापले. फासे निषिद्ध आहेत, बुद्धिबळ नव्हे, असा बचाव बिशपांनी केला. तो संतांना मान्य झाला नाही. तीन वेळा संपूर्ण स्तोत्रसंहिता म्हणणे, बारा गरिबांचे पाय धुणे आणि त्यांना दानधर्म करणे, असे प्रायश्चित्त बिशपांना मिळाले. त्या काळी युरोपात बुद्धिबळ पुष्कळदा फासे टाकून, पैसे लावून खेळले जाई, हे लक्षात घेतले म्हणजे संतांचा राग समजू शकतो. लोपेझ यांच्या काळापर्यंत मात्र फासे मागे पडले होते. खेळ केवळ बुद्धीचा उरला होता.

खेळाचे स्वरूपही पालटले होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या भूमीवर वजीर आणि उंट या दोन मोहऱ्यांना नवे बळ मिळाले. पूर्वी वजीर तिरका एकच घर चालत असे, तो आता सर्व दिशांनी हवा तितका धावू लागला. उंटाला पूर्वी तिरके तिसरे घर गाठण्यापुरतीच मुभा होती, त्याला आता पूर्ण तिरकी रेघ मोकळी झाली. याचा परिणाम असा झाला की, पूर्वी वीस-पंचवीस चालींपर्यंत दोन्ही सैन्ये निवांत मांडामांड करीत, तेथे आता चौथ्या-पाचव्या चालीतच राजावर संकट येऊ लागले. सुरुवातीच्या चालींचे शास्त्र या गरजेतून जन्मास आले.

येथे एक लहानशी गंमत सांगण्याजोगी आहे. लोपेझ यांच्या नावाच्या प्रारंभात जो मोहरा पुढे येतो, त्याला इंग्रजीत ‘बिशप’ म्हणतात. त्यामुळे धर्मगुरूने बिशपांना लढाईवर धाडले, असा विनोद इंग्रजी लेखक करतात. स्पॅनिश भाषेत मात्र त्या मोहऱ्याचे नाव ‘आल्फिल’ आहे. हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ हत्ती. आपण त्यालाच उंट म्हणतो आणि हत्ती हे नाव कोपऱ्यातील मोहऱ्याला देतो. लोपेझ यांच्या मनात बिशप नव्हते, हे उघड आहे.

सुमारे १५६० साली लोपेझ ख्रिस्तसभेच्या कामानिमित्त रोमला गेले. चौथे पायस नुकतेच पोपपदावर आले होते आणि स्थगित झालेली त्रेंतची धर्मपरिषद पुन्हा भरविण्याची तयारी चालू होती. अशा धामधुमीतही लोपेझ यांनी इटलीतील नामवंत खेळाडूंशी डाव मांडले. त्यांत कलाब्रियातील कुत्रो गावचा एक अगदी तरुण खेळाडू होता, जोव्हानी लिओनार्दो. लहानखुऱ्या चणीमुळे त्याला लोक ‘पुत्तिनो’, म्हणजे छोटा मुलगा, म्हणत. लोपेझ यांनी त्याला हरविले. या मुलाची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

रोममध्ये त्यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे पेद्रो दामियानो या पोर्तुगीज औषधविक्रेत्याचे १५१२ साली रोममध्येच छापलेले बुद्धिबळाचे पुस्तक. (वर उल्लेखिलेल्या संतांशी याचा केवळ नामसाधर्म्याचा संबंध.) हे पुस्तक लोकप्रिय होते, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत होत्या. लोपेझ यांना ते पटले नाही. स्पेनला परतल्यावर त्यांनी स्वतःचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १५६१ साली अल्काला दे एनारेस येथे छापून प्रसिद्ध झाला. कार्डिनल सिस्नेरोस यांनी स्थापिलेले विद्यापीठ ज्या नगरात होते, बायबलची सुप्रसिद्ध बहुभाषिक आवृत्ती जेथे छापली गेली आणि संत इग्नेशियस लोयोला जेथे काही काळ शिकले, तेच हे नगर. ग्रंथ राजपुत्र डॉन कार्लोस याचे पालक डॉन गार्सिया डी तोलेदो यांना अर्पण केलेला आहे.

या ग्रंथात खेळाची उत्पत्ती आहे, नियम आहेत, सुरुवातीच्या चालींचे विवेचन आहे आणि दामियानोच्या चालींचे कठोर परीक्षण आहे. पन्नास चालींत निकाल लागला नाही तर डाव बरोबरीत सुटावा, असा दंडक लोपेझ यांनी यात मांडला. थोड्या बदलाने तो नियम आजही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लागू आहे: एकही प्यादे न हलता आणि एकही मोहरा न मारला जाता दोन्ही बाजूंच्या पन्नास चाली झाल्या, तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. ‘गँबिट’ हा आज जगभर रूढ असलेला शब्दही त्यांनीच बुद्धिबळात आणला. इटलीतील पैलवान प्रतिस्पर्ध्याचा पाय अडकवून त्याला पाडीत, त्या डावाचे नाव ‘गांबेत्तो’. आपल्या तालमीतील ‘टांग’ म्हणजे बहुधा हेच. सुरुवातीलाच एक प्यादे पुढे करून द्यायचे आणि ते मारण्याच्या मोहात प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवायचा, या युक्तीला लोपेझ यांनी कुस्तीचे नाव दिले.

याच ग्रंथात प्रतिस्पर्ध्याला डोळ्यांवर ऊन येईल अशा जागी बसवावे, असाही सल्ला आहे. तो लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या १४९७ च्या पुस्तकातही आढळतो, म्हणजे मूळ कल्पना लोपेझ यांची नव्हे. तरी एका धर्मगुरूने तो गाळला असता तर बरे झाले असते.

आता त्या सुप्रसिद्ध स्थितीकडे वळू. पांढरा आपल्या राजासमोरील प्यादे दोन घरे पुढे सरकवितो, काळाही तसेच करतो. मग पांढरा राजाकडील घोडा बाहेर काढतो आणि काळ्याच्या त्या प्याद्यावर रोख धरतो. प्याद्याला जोर कसा द्यायचा, हा काळ्यापुढील पहिला प्रश्न. दामियानोने सांगितले होते की, वजिराकडील घोडा बाहेर काढून जोर द्यावा, ही सर्वांत चांगली चाल. लोपेझ यांनी याला आक्षेप घेतला. काळ्याने घोडा काढताच पांढऱ्याने आपला राजाकडील उंट पाचव्या ओळीपर्यंत नेऊन त्या घोड्याला भिडवावा, असे त्यांनी दाखविले. प्याद्याचा सारा जोर घोड्यावर आणि घोड्यावर उंटाचा रोख. घोडा मारला की प्यादे बिनजोर झाले. म्हणून घोडा काढणे ही चूकच, काळ्याने त्याऐवजी वजिरासमोरील प्यादे एक घर सरकवून जोर द्यावा, असा त्यांचा निकाल होता.

ही उंटाची चाल लोपेझ यांनी शोधून काढलेली नाही. सुमारे १४९० च्या एका हस्तलिखितात ती आहे. ते आज जर्मनीत गॉटिंगेन येथे आहे. परंतु तेथे ती नुसती नोंद आहे. ती चाल का करायची, तिचा रोख कशावर, तिच्यामुळे प्रतिस्पर्ध्याची कोणती योजना धोक्यात येते, हे पद्धतशीर मांडले ते लोपेझ यांनी. नाव त्यांना मिळाले ते याच कारणाने, आणि ते रास्त आहे.

निकाल मात्र चुकला. काळ्याने कडेचे प्यादे एक घर पुढे टाकून उंटाला जाब विचारला आणि पांढऱ्याने लगेच घोडा मारून मागोमाग ते प्यादेही घेतले, तर काळा आपला वजीर थेट पटाच्या मध्यभागी आणतो. तेथून पांढऱ्याचा घोडा आणि पांढऱ्याचे बिनजोर प्यादे या दोहोंवर एकदमच रोख लागतो. घोडा वाचविला तर प्यादे जाते. गेलेले प्यादे काळ्याला परत मिळते आणि त्याचे मोहरे मोकळे होतात. म्हणजे लोपेझ यांनी दाखविलेली धमकी त्या क्षणी खरी नसतेच. दामियानोचेच म्हणणे बरोबर होते.

असे असेल तर ही स्थिती महत्त्वाची का मानावी? याचे उत्तर त्या धमकीच्या स्वभावात आहे. आज खोटी असलेली ती धमकी उद्या खरी होते. पांढरा किल्लेकोट करून राजाला सुरक्षित ठेवतो, हत्ती मधल्या पट्टीवर आणून आपल्या प्याद्याला जोर देतो आणि त्याच क्षणापासून काळ्याचे प्यादे खरोखर संकटात येते. काळ्याला आधीच काहीतरी सोडावे लागते: एकतर वजिराच्या बाजूची प्यादी पुढे टाकून उंटाला हुसकावावे, म्हणजे ती प्यादी दुबळी होतात, नाहीतर मध्यभाग आवळून धरावा, म्हणजे मोहऱ्यांना जागा उरत नाही. दरम्यान पांढरा वजिराच्या बाजूची दोन प्यादी एकामागून एक सरकवून पटाचा मध्य काबीज करू पाहतो. कोणताही मोहरा मेलेला नसतो, कोणालाही शह नसतो, तरी ताण वाढत जातो. खेळाडूंमध्ये हिला ‘स्पॅनिश छळ’ असे नाव पडले आहे.

बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या स्थिती हजारो आहेत. त्यांपैकी बहुसंख्य एखाद्या सापळ्यावर उभ्या असतात. सापळा कळला की त्यांचे मोल संपते. दामियानोचे नाव चिकटलेली एक स्थिती अशीच आहे. तीत काळा उंटासमोरील प्यादे सरकवून जोर देतो आणि घोड्याचे बलिदान होताच उद्ध्वस्त होतो. त्या बिचाऱ्याने ही चाल वाईट म्हणूनच दाखविली होती, तरी बदनामी त्याच्या नावाला लागली! लोपेझ यांची स्थिती वेगळी. तीत दोन्ही बाजूंना पुरेसे काही मिळते, कोणाचाही निर्णायक लाभ होत नाही आणि मध्यभागाचा वाद दहा-पंधरा चालींपर्यंत उघडा राहतो. म्हणूनच तिचा अभ्यास संपत नाही.

लोपेझ यांच्या समकालीन स्पेनमध्ये आणखी एका व्यक्तीने पटावरील सुरुवातीच्या मांडणीचा विचार केला होता, तो अगदी निराळ्या हेतूने. आविलाच्या संत तेरेजा यांनी ‘परिपूर्णतेचा मार्ग’ या ग्रंथाच्या पहिल्या मसुद्यात आपल्या धर्मभगिनींना प्रार्थनेविषयी सांगताना बुद्धिबळाचा दृष्टान्त योजिला. ज्याला सोंगट्या नीट मांडता येत नाहीत, त्याला नीट खेळताही येणार नाही, असा त्यांचा आशय आहे. त्या दृष्टान्तात दैवी राजाला मात देणारी राणी म्हणजे नम्रता. (ज्याला आपण वजीर म्हणतो, तो मोहरा तिकडे राणी असतो.) मठात खेळ वर्ज्य असताना आपण खेळाबद्दल लिहीत आहोत, याची त्यांना मौज वाटत होती. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी हा भाग गाळला. पहिला मसुदा सुदैवाने टिकला आणि त्याच्याच आधारे १९४४ साली स्पेनमध्ये त्यांना बुद्धिबळपटूंच्या आश्रयदात्या संत म्हणून मान्यता मिळाली. संत तेरेजा आणि धर्मगुरू लोपेझ यांना एकाच लेखात आणण्याचे कारण एवढेच की, त्या काळच्या स्पॅनिश कॅथोलिक समाजात हा खेळ किती मुरला होता हे यावरून कळते. संत पीटर दामियन यांचा काळ मागे पडला होता.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर लोपेझ हे स्पेनमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून गाजले. मग रोममध्ये हरलेला तो मुलगा परत आला. सुमारे १५७५ साली लिओनार्दो आणि सिराक्युजचा पाओलो बोई हे दोघे इटालियन माद्रिदला पोहोचले. राजा दुसरा फिलिप याच्या समक्ष डाव झाले आणि लिओनार्दोने लोपेझ यांचा पराभव केला. अलेस्सांद्रो साल्विओ या इटालियन लेखकाने १६३४ साली या भेटीची रसभरीत कथा लिहिली. तीत चाचे आहेत, कैद झालेला भाऊ आहे, मुक्तीचे मोल आहे. एवढा मसाला पाहून थोडे सावध राहिलेले बरे. पण पराभवाविषयी शंका नाही. ज्येष्ठ वयात, स्वतःच्या देशात, स्वतःच्या राजासमोर त्यांना आपला मान तरुणाच्या हाती द्यावा लागला. इतिहासकार या प्रसंगाला बुद्धिबळाचा पहिला ज्ञात आंतरराष्ट्रीय सामना मानतात. त्यानंतर खेळातील श्रेष्ठत्व स्पेनकडून इटलीकडे गेले. लोपेझ सुमारे १५८० साली निवर्तले.

१५८४ साली व्हेनिसमध्ये त्यांच्या ग्रंथाचा इटालियन अनुवाद प्रसिद्ध झाला. ज्यांनी त्यांना हरविले, त्यांचेच देशबांधव आता त्यांचे पुस्तक वाचू लागले. तरीही पुढील अडीच शतके त्यांच्या उंटाच्या चालीला फारसे अनुयायी मिळाले नाहीत. इटालियन पंथाला झटपट हल्ला प्रिय होता. उंट एक घर अलीकडे, चौथ्या ओळीत, थांबवून तो राजाजवळच्या नाजूक प्याद्यावर रोखणे त्यांना अधिक पसंत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रशियातील अभ्यासक कार्ल यानिश यांनी स्पॅनिश स्थितीचे नव्याने विश्लेषण केले. अमेरिकेचे पॉल मॉर्फी यांनी १८५८ साली कडेच्या प्याद्याची ती चाल खेळून दाखविली, म्हणून तिला आज मॉर्फी बचाव म्हणतात. हल्ल्यापेक्षा मध्यभागाचा आणि जागेचा विचार महत्त्वाचा, हे स्टाइनिट्झ यांच्या पिढीने प्रस्थापित केले. मग लोपेझ यांच्या स्थितीला खरे दिवस आले.

त्यानंतरचा तिचा प्रवास म्हणजे जवळजवळ जगज्जेत्यांचा इतिहास आहे. १९१८ साली न्यूयॉर्क येथे फ्रँक मार्शल यांनी कापाब्लांका यांच्यावर याच प्रारंभात काळ्या बाजूने प्याद्याचे बलिदान करून भयंकर हल्ला चढविला. कापाब्लांका यांनी तो पेलला आणि डाव जिंकला. हल्ला मात्र आजही जिवंत आहे. लोपेझ यांनी दिलेला ‘गँबिट’ हा शब्द त्यांच्याच प्रारंभात असा परत आला. १९६६ साली हवाना ऑलिम्पियाडमध्ये बॉबी फिशर यांनी घोडा लगेच मारण्याची जुनी पद्धत पुन्हा वापरात आणली. प्यादे जिंकण्याची आशा त्यांना नव्हती. काळ्याची दोन प्यादी एकाच पट्टीवर येतात, त्याचा लाभ त्यांना डावाच्या अखेरीस हवा होता. म्हणजे लोपेझ यांना दिसलेली चाल बरोबर, कारण मात्र निराळे!

सन २००० मध्ये लंडन येथे व्लादिमीर क्राम्निक यांनी तर नवलच केले. काळ्या बाजूने खेळताना ते कडेचे प्यादे न टाकता सरळ दुसरा घोडा काढीत. आठव्या चालीतच दोन्ही वजीर पटाबाहेर जात, काळ्याला किल्लेकोटाचा हक्क गमवावा लागे आणि त्याची प्यादीही एकापुढे एक येत. वरवर पाहता पांढऱ्याला सर्व काही मिळाले असे वाटे. परंतु काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत असत आणि त्याच्या तटबंदीत शिरण्यास वाट नसे. गॅरी कास्पारोव्ह यांनी चार डावांत ही भिंत फोडून पाहिली, चारही बरोबरीत सुटले. पंधरा डावांच्या त्या सामन्यात एकही विजय न मिळता त्यांचे जगज्जेतेपद गेले. बर्लिन बचाव या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाणारी ही पद्धत तोवर जुनाट समजली जात होती. २०१३ साली चेन्नईत आणि २०१४ साली सोची येथे विश्वनाथन आनंद व मॅग्नस कार्लसन यांच्या सामन्यांतही तीच पटावर आली.

सुरुवातीच्या चालींचे वर्गीकरण करणारा एक कोश १९७४ पासून बेलग्रेड येथून प्रसिद्ध होऊ लागला. त्याची पद्धत आज जगभर वापरली जाते. तीत सर्व सुरुवाती पाचशे क्रमांकांत बसविल्या आहेत. त्यांपैकी सी-६० ते सी-९९ हे चाळीस क्रमांक एकट्या रुय लोपेझ प्रारंभाला दिलेले आहेत. काळ्याने घोड्याऐवजी वजिरासमोरील प्यादे सरकवून जोर द्यावा, अशी जी चाल लोपेझ यांनी स्वतः सर्वोत्तम म्हणून शिफारस केली होती, ती पुढे फिलिडोर या फ्रेंच संगीतकाराच्या नावाने ओळखली गेली. तिच्या वाट्याला एकच क्रमांक आला आहे, सी-४१.